गुडघ्यांची काठी

सरांना मोटार चालवता येत नव्हती. स्कूटरही नाही. अमरावतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते ड्रॉइंग शिकवायला सायकलवर येत, आणि गेटपासून वर्गापर्यंत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीला हात लावत येत. डोळे मिटायचे, तळहात पसरून बॉनेटवर ठेवायचा आणि पुढच्या चाकावरून दारावर, दारावरून मागच्या दिव्यापर्यंत सावकाश फिरवत न्यायचा. मध्येच हात थांबे.

संस्थेच्या अध्यक्षांची नवी कोरी गाडी पहिल्यांदा कॉलेजात आली तेव्हाही सरांचा हात असाच थांबला. ड्रायव्हर धावत आला.

"ओ काका, काय करून राह्यले?"

"हिच्या गालाले सूज हाये."

"अहो, कालच शोरूममधून आणली!"

"मंग तिथूनच सुजून आली."

आवाज वाढला, पोरं जमली, प्राचार्य बाहेर आले. सर शांतपणे वर्गात गेले, भिंतीवरची पेटती ट्यूबलाइट लांब वायरीसकट काढून घेऊन आले आणि दाराच्या वर आडवी धरली. काळ्याभोर पत्र्यात उजेडाची एक पांढरी रेघ उमटली. सरळ, सरळ, सरळ, आणि हँडलच्या खाली एका जागी वाकडी. सूज उजेडानं सगळ्यांना दाखवली. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "साहेबाले नका सांगू सर. मालगाडीतून उतरवताना लागली असन."

मी त्या घोळक्यात होते. पहिल्या वर्षाला. अंजनगाव सुर्जीजवळच्या खेड्यातून आलेली, घरात पहिलीच कॉलेजात गेलेली. आमच्या वर्गात मुली तिघी होतो. मला त्या दिवशी काय झालं ते नीट सांगता येणार नाही, पण मी वसतिगृहावर पळत गेले आणि स्टीलच्या ताटावर बल्बचा उजेड पाडून बसले.

तोवर माझी समजूत अशी, की इंजिनिअर इंजिन करतात आणि वरचा पत्रा कारखान्यात आपोआप दाबून निघतो, साच्यातून मोदक निघावा तसा. सरांनी सांगितलं, की जगात अशी माणसं आहेत ज्यांचं काम गाडीचा गाल काढायचं आहे. एक माणूस फक्त दिवे काढतो, एक नुसतं स्टिअरिंग. आधी कागदावर शेकडो चित्रं, मग भिंतीवर खऱ्या मापाची रेघ, मग मातीची गाडी, तासून, घासून, पुन्हा चढवून. पत्रा सगळ्यात शेवटी. चित्रं काढण्यावरून शाळेत मी मार खाल्ला होता. त्या चित्रांवर कुणाचं तरी पोट चालतं!

"पण सर, चित्र कुठून सुरू करायचं? तोंडापासून?" कुणीतरी विचारलं.

सर फळ्याकडे गेले आणि त्यांनी एकच ठिपका काढला.

"हे काय हाये?"

"चाकाचा मध्य?"

"इंजिन?"

"बूड," सर म्हणाले. वर्ग हसला. "हसू नका. माणसाचं बूड गाडीत कुठं टेकते, थो हा ठिपका. इथून डोळा कुठं, गुडघा कुठं, पाय कुठं, टाळू कुठं. मंग त्याच्यावर छप्पर. आधी बूड, मंग गाडी. तुमी सारे आधी गाडी करता आन मंग माणसं कोंबता."

पुढे पुण्याच्या स्टुडिओत हीच गोष्ट मोठ्या इंग्रजी नावानं मला शिकवली गेली. मी मान डोलावत होते आणि मनात सरांचा शब्द म्हणत होते.

सरांचं घराणं अचलपूरचं. वडील मोहरमचे ताजिये बांधत. बांबूच्या कामट्या वाकवून, सुतळीनं आवळून, वरून चंदेरी कागद. सरांच्या हातात ती कला उतरली होती. वर्गाच्या मागच्या व्हरांड्यात त्यांनी बांबूची एक उघडी गाडी बांधलेली असे. चार पाट, एक मोडकी खाट, स्टिअरिंगच्या जागी पोळपाट. आम्ही तिच्यात बसायचो, उतरायचो, डोकं आपटायचो. डोकं आपटलं की सर खूश. "लागलं ना? आता छप्पर आपोआप वर जाईन." कॉलेजच्या मागच्या भिंतीवर त्यांनी वायरीला गुंडाळायच्या काळ्या चिकटपट्टीनं खऱ्या मापाची मोटार काढली होती, आणि रोज जाता-येता एखादी पट्टी उपटून बोटभर सरकवून चिकटवत. प्राचार्यांनी रंगारी बोलावून भिंत दोनदा रंगवली. दोन्ही वेळा सर म्हणाले, "बरं झालं. जुनी जराशी बसकीच होती."

शेवटच्या वर्षी बातमी आली. पुण्याच्या एका वाहन कंपनीच्या स्टुडिओतल्या डिझायनर बाई आमच्या कॉलेजात येणार. मुलांनी केलेली पाव मापाची मॉडेलं पाहणार आणि त्यातून एकाच विद्यार्थ्याला दोन वर्षं शिकायला घेणार.

ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की मी झोपेत दात खायची. न मिळाली तर काय, तेही ठरलेलं होतं. मामांनी अंजनगावच्या एका खासगी शाळेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. जूनपासून गणित शिकवायचं. त्यात वाईट काही नव्हतं. कापसाची ती वर्षं अशी होती, की वर्तमानपत्र उघडलं की मी आधी बातमीतल्या शेतकऱ्याचं गाव आपल्या ओळखीचं आहे का ते बघायची आणि मग पुढचं वाचायची. अशा दिवसांत घराजवळ नोकरी म्हणजे देवच पावला. बाबा एवढंच म्हणाले होते, "पाह्य बाप्पा, एकच मोका हाये तुह्याजवळ."

मी तीन दिवसांत एक मोटार काढली. जमिनीला घासून जाणारी, लांब नाकाची, दोन दारांची. कॅलेंडरवर असते तशी. सरांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"लय सुंदर हाये वं पोरी."

मी फुलले.

"याच्यात तुही माय बसन का?"

मी चित्र हातात घेतलं.

"मोटार तुले येते. आता बसणारा आण."

आई पुढच्या आठवड्यात गुडघा दाखवायला अमरावतीच्या दवाखान्यात आली, तेव्हा मी भीत भीत तिला कॉलेजात नेलं. सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग कोपऱ्यातून एक बांबूची काठी आणून तिच्यापुढे उभी धरली.

"माय, पाय उचल. जेवढा बिनदुखता उचलते तेवढाच."

आई माझ्याकडे पाहू लागली. "गुरुजी, माह्या पायाचं काय मोजता?"

"तुह्या पायापासून गाडी सुरू होते, माय."

आईनं लुगडं सावरलं आणि पाय उचलला. एक वीत, वर थोडासा. सरांनी खिशातल्या चाकूनं काठीवर तिथे खूण कोरली. मग विचारलं, "गावाहून जीपमंदी कशी चढते?"

"चढत नाई जी. कोंबतेत. एक जण वढते, एक जण ढकलते. मंग हासतेत."

हे मला माहीत नव्हतं. मी त्याच जीपनं हजार वेळा गेले असेन. आई नेहमी माझ्या आधी बसलेली असे.

त्यानंतर दोन महिने मी ती काठी घेऊन परतवाड्याच्या स्टँडवर उभी राहिले. काळी-पिवळी जीप भरत असायची, आणि मी बायांना म्हणायची, "मावशी, एवढा पाय उचलून दाखवा नं." पुरुषांना सर विचारत. बाया आधी पदर तोंडाला लावून हसत, मग एकीनं उचलला की साऱ्यांना उचलायचा असे. एक म्हातारी म्हणाली, "काहून वं, पायाचं माप घेऊन चपला वाटतेत का?" दुसरी म्हणाली, "माहा डावा घे, उजवा मेला लबाड हाये." काठीवर खुणा वाढत गेल्या. सगळ्यांत खालची खूण आईची राहिली.

सर एकदा साऱ्या वर्गाला तिथल्या बैलबाजारात घेऊन गेले. मोटारीचं उभं राहणं शिकायला. "बैल घेताना आधी काय पाह्यता?" आम्ही म्हणालो, दात. "दात नंतर. आधी उभं राहणं. वजन कोणत्या पायावर हाये ते पाहा. गाडीले चार चाकं असली तरी थे कोणत्या तरी पायावर उभी दिसली पाह्यजे." बाजारात त्या वर्षी बैल फार आणि घेणारे थोडे. एका माणसाला आम्ही गिऱ्हाईक वाटलो. त्यानं लगबगीनं जोडी पुढे आणली. सरांचा चेहरा उतरला. "भाऊ, घ्याले नाई आलो. ह्या पोट्ट्याइले बैल कसा उभा राह्यते थे दाखवाले आलो." तो माणूस मग म्हणाला, "मंग असा उभा काहून पाह्यता? चालवून दावतो ना." आणि न विकल्या जाणाऱ्या बैलाला त्यानं आमच्यासाठी तीनदा बाजारभर फिरवून आणलं. परत येताना एसटीत सर एवढंच म्हणाले, "त्या खांद्याची रेघ इसरू नका."

मी आता गावच्या रस्त्यावर चालेल अशी प्रवासी गाडी काढत होते. बैलाच्या खांद्यासारखी पुढे उचललेली, मागे हलकी, आणि बाजूला मोठं दार. दाराखाली गाडीच्या कडेला एक खाच, तिच्यात पायरी. पायरीची उंची आईच्या खुणेएवढी.

मॉडेलसाठी माती मी आमच्या वावरातून आणली. पोतं एसटीत चढवताना कंडक्टर म्हणाला, "वावरच घेऊन चालली का वं?" मला फार अभिमान वाटत होता. सरांनी मूठभर माती ओली करून पिळली.

"माती झकास हाये. पण काळी. ओली असली का फुगते, वाळली का फाटते. हिले कापूस चारा लागते."

मग आम्ही व्हरांड्यात बसून माती चाळली, भिजवली आणि पिंजलेला कापूस तिच्यात मूठमूठ घालून पायांनी तुडवली. आमच्याच घरचा कापूस, आमचीच माती. त्या वर्षी त्या दोघांनी घराला फारसं काही दिलं नव्हतं. पण आता त्यांच्यातून एक गाडी वर येत होती! रोज संध्याकाळी मी तिच्यावर ओलं पोतं घालायची आणि रोज सकाळी ते उचलून कुठे तडा गेला का ते बघायची.

शेवटच्या आठवड्यात मी एक लबाडी केली.

सगळी गाडी सुरेख दिसत होती, फक्त ती खाच सोडून. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत धावत जाणारी खालची रेघ खाचेशी येऊन तुटायची. मला ती पोट लोंबलेल्या म्हशीसारखी वाटू लागली. बाकीच्या पोरांच्या गाड्यांची रेघ अखंड होती. पुण्याच्या बाई येणार त्याच्या आदल्या दुपारी, सर जेवायला गेले असताना, मी एक बोटभर माती घेऊन खाच भरून टाकली. कापूस मिसळायला वेळ नव्हता. वरून पाण्याचा हात फिरवला. पाव मापाच्या मॉडेलवर एक बोट, म्हणजे खऱ्या गाडीत चार बोटं. म्हणजे पायरी आईच्या खुणेच्या वर चार बोटं.

रेघ सरळ झाली. इतकी सुंदर, की मी दोन पावलं मागे जाऊन हसले. सरांनी आल्यावर पाहिलं की नाही, मला कळलं नाही. ते माझ्या मॉडेलकडे न बघता दुसऱ्या मुलाशी बोलत राहिले.

सकाळी मॉडेलवर चंदेरी कागद चढवायचा होता. सरांनी अचलपूरहून ताजियाचाच आणला होता, खळीनं चिकटवायचा. तो चढला की पत्र्याचा भास होतो आणि ट्यूबलाइटखाली प्रत्येक चूक दिसते. पण माती ओलसर होती, खळ धरत नव्हती. मी पोतं काढलं आणि मॉडेल उन्हात सरकवलं. अर्धाच तास. एप्रिलचं ऊन.

परत आले तेव्हा दाराखालचा तुकडा जमिनीवर पडला होता.

बाकी गाडी शाबूत. बारीक केसासारख्या दोन रेघा, बस. कापसानं तिला धरून ठेवलं होतं. फक्त मी चोरून भरलेली माती तेवढी निखळली होती, आणि तिच्यामागे जुनी खाच जशीच्या तशी उघडी पडली होती.

सर आले. ते पोटावर आडवे झाले, गाल फरशीला टेकवून खाचेत पाहिलं. मग पडलेला तुकडा उचलून दोन बोटांत मोडला.

"याच्यात कापूस नाई."

"नाही सर."

"काहून?"

मला रडू येत होतं. "रेघ तुटत होती सर."

मला वाटलं, आता ओरडतील. पण सर उठून बसले आणि त्यांचे डोळे चमकत होते, ट्यूबलाइट धरताना चमकायचे तसे. "अवं, पाहून तर घे! कशी अल्लद सोडली तिनं! जे तिचं नव्हतं थेच सोडलं!" मग घड्याळाकडे पाहिलं. "एक घंटा हाये. पुन्हा भराची असन तर भर. कापूस घाल, कागद लाव, कोणाले समजत नाई. तुही गाडी हाये."

आणि ते निघून गेले. खरंच निघून गेले. सायकल घेऊन चहाला.

त्या तासात मी काय काय विचार केला ते आठवत नाही. मामांची शाळा आठवते. आईचा उचललेला पाय आठवतो. आणि जीपपाशी आईला हसणारी माणसं, जी मी कधी पाहिली नव्हती, तीही आठवतात. मी खाच भरली नाही. उलट तिच्या कडा कोरून काढल्या, आत पायरी नीट बसवली. रेघ तुटू दिली. मग तुटलेल्या जागी ती थोडी खाली वाकवली, बैल मान खाली घालतो तशी, आणि पलीकडे पुन्हा वर उचलली. कागद लावला. ट्यूबलाइट धरली. उजेडाची रेघ खांद्यावरून आली, पायरीपाशी खाली उतरली आणि परत चढली. माझ्या घशातून आवाजच फुटला. आधीच्या सरळ रेघेपेक्षा ती चांगली होती!

बाई आल्या. चाळिशीच्या, साध्या सुती साडीत. बाकीची मॉडेलं पाहून माझ्यापाशी थांबल्या. मग खाचेकडे बोट दाखवून विचारलं, "ही रेघ इथे का मोडलीस?"

मी सगळं सांगितलं. आईचा पाय, भरलेली खाच, सकाळचं ऊन, सगळं. सांगून झाल्यावर वाटलं, मूर्खपणा केला. बाकीची पोरं खाली बघत होती.

"उंची कशावरून ठरवली?"

मी सरांकडे पाहिलं. सरांनी कोपऱ्यातून काठी आणली. बाईंनी ती हातात घेतली. खुणांवरून बोट फिरवत गेल्या, एकेक. दीडशेहून जास्त गुडघे होते त्या काठीवर.

"ही सगळी माणसं?"

"परतवाड्याचं स्टँड," सर म्हणाले. "जीपमंदी चढणारे."

"आणि ही सगळ्यात खालची?"

"हिची माय."

बाईंनी काठी मॉडेलशेजारी उभी केली, मनात हिशेब केला आणि पायरीपाशी वाकून पाहिलं. मग सरळ होऊन म्हणाल्या, "सर, ही काठी मी घेऊन जाऊ का? आमच्या स्टुडिओत असं काही नाही."

सरांनी काठी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"पोट्टी न्या," ते म्हणाले. "काठी नाई देत."

बाई मोठ्यांदा हसल्या. पत्र यायला तीन आठवडे लागले, पण मला त्या क्षणीच कळलं होतं. बाई गेल्यावर सरांनी बादलीभर पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं. "चाल, भिजव." दरवर्षीचा त्यांचा नेम होता. पाहून झालेली गाडी मोडायची, माती ढिगात. मी चंदेरी कागद सोलला आणि माझी पहिली गाडी दोन्ही हातांनी मोडली. सरही शेजारी बसून मोडू लागले.

पुण्यात मी आधी दोन वर्षं आरसे केले, मग हँडलं. गावी गेले की लोक विचारत, "कोणती गाडी केली वं तुनं?" आणि मी म्हणायची, "आरसा." शेवटी एका प्रवासी गाडीचं दार आणि पायरी माझ्याकडे आली. भांडून भांडून पायरी खाली आणली. खालची चौकट, चाकं, खड्डे, सगळ्यांनी अडवलं, तरी आणली.

ती गाडी परतवाड्याला धावायला लागल्यावर मी सरांना अचलपूरहून मुद्दाम स्टँडवर नेलं. ते निवृत्त झाले होते, हातात तीच काठी, आता टेकायला. मी म्हणाले, "सर, ती पाहा, पांढरी."

सरांनी गाडीकडे पाहिलंच नाही. ते खाली, चढणाऱ्या पायांकडे पाहत उभे राहिले. एक गाडी भरली, गेली. दुसरी भरली. कुणी कुणाला ढकललं नाही. एक म्हातारी आली, तिनं दांडा धरला, पाय उचलला, क्षणभर हवेतच ठेवला, आणि चढली. एकटी. मी सरांचा दंड घट्ट धरला.

सर वाकले, काठी पायरीला लावली आणि आईची खूण शोधली.

"दोन बोटं वर हाये," ते म्हणाले.

ड्रायव्हर ओरडला, "ओ बाबा, बाजूले व्हा!" सर बाजूला झाले, पण त्यांचं बोट त्या खुणेवरच होतं.

परवापासून त्या गाडीच्या पुढच्या नमुन्याचं काम सुरू झालं आहे. माती चढली आहे. मी त्या दोन बोटांवर अडून बसले आहे.